दारातली गौर

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी शेजारच्या काकूंची गौर उपटून घंटागाडीत टाकली.

वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहिलं. त्यात खोटं काही नाही. ‘उपटून’ बरोबर आहे, ‘घंटागाडीत’ही बरोबर आहे. गाडीवरच्या माणसानं “ओला का सुका?” असं विचारलं तेव्हा मी मोठ्या जबाबदार नागरिकासारखा “ओला, ओला” म्हणालो होतो, तेही आठवतं. एखाद्या नास्तिकानं हे केलं असतं तर त्यामागे काही विचार तरी निघाला असता. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. मी सुशोभीकरण करत होतो.

हे आत्ता आठवायचं कारण दारातच उभं आहे. श्रावण निम्मा सरलाय आणि पायरीच्या दोन्ही अंगांना तेरडा गुडघ्याला लागलाय. कोणी लावला नाही, कोणी खत घातलं नाही. त्याचे देठ पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळीसारखे दिसतात. सकाळचं ऊन आडवं आलं की आतून तांबूस उजेड लावल्यासारखा वाटतो. पानांना करवतीसारखे दाते. आणि फुलं डोक्यावर मिरवायची सोडून हा ती पानांच्या बगलेत धरतो, बाजारातून आणलेली वस्तू शेजाऱ्याला दिसू नये म्हणून काखेत दडवावी तशी. गुलाबी जास्त, जांभळी थोडी, पांढरं एखादंच. जवळ गेलं की ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा एक कच्चा वास येतो. त्याला सुगंध म्हणता येणार नाही. मला मात्र तो वास आला की कानांच्या पाळ्या गरम होतात.

मी एकतीस वर्षं एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. टाक्या, टाक्यांना जोडलेले पाइप, पाइपांचे आधार, आधारांचे पाय, असली चित्रं. माझ्या चित्रात कधी काही उगवलं नाही, सुकलं नाही, कलंडलं नाही. निवृत्त झालो त्याच वर्षी जूचंद्रच्या बिल्डिंगमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून आम्ही निर्मळ गावात एका बागायती वाडीच्या तोंडाशी असलेलं बैठं कौलारू घर घेतलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको नीला. घर मूळचं वत्सलाकाकूंचं. त्यांनी मागे वाडीत नवं घर बांधलं होतं. पुढचं जुनं घर आणि त्याचं अंगण आम्हाला दिलं. काकूंची तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली. घरात मुलाशी, सुनेशी त्यांची स्वतःची जुनी बोली चालायची, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी बोलताना त्या शाळेतलं मराठी बाहेर काढत, पाहुण्यांसाठी कपाटातल्या कपबश्या काढाव्यात तसं.

किल्ली हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, “घर तुमचं. विहीर दोघांची. दारातली गौर मात्र माझी हां. भादव्यात न्यायला येईन.”

“या की,” मी म्हणालो. “केव्हाही या. तुमचंच घर आहे.”

आता मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे गौर म्हणजे पितळेचे दोन मुखवटे. वर्षभर जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत झोपलेले असतात, भाद्रपदात चिंचेनं घासून उठवायचे, साड्या नेसवायच्या आणि ताटं वाढायची. नीलाच्या माहेरी रत्नागिरीकडे गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले सात खडे. इतका फरक आमच्या घरातच होता. त्यावरून तिसऱ्या घरची गौर तिसऱ्याच कशाची असू शकेल, एवढा अंदाज यायला हरकत नव्हती. मला तो आला नाही. मला वाटलं, काकूंचे मुखवटे आमच्या घरात कुठेतरी राहिलेत. मी माळ्यावर चढून शोधलेसुद्धा. तिथे एक मोडकी छत्री आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांचं भेंडोळं निघालं. ‘दारातली’ या शब्दाचा अर्थ दारात असाच होत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही शब्दांकडे फार बघत नसू. मापं बघायचो.

तर आषाढात मी दाराकडे बघायला लागलो. दार म्हणजे तीन पायऱ्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना हातहात रुंद माती आणि त्या मातीत माजलेलं काहीतरी हिरवं. ऑफिसची मंडळी भाद्रपदात घर बघायला येणार होती. त्यात आमचे जुने साहेब, जे एका मिलिमीटरची चूक चष्म्याशिवाय पकडत. त्यांना दारातच काही दिसायला हवं होतं. मी मोबाइलवर बागांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यातल्या एका बाईंनी सांगितलं की प्रवेशद्वाराजवळचा फुलांचा वाफा हा घराचा चेहरा असतो. पाहुणा बेल वाजवण्याआधी वाफ्यानं त्याच्याशी बोललं पाहिजे. उंच झाडं मागे, मध्यम मध्ये, बुटकी पुढे. रंग तीनच. कडेला वळण असावं, सरळ रेघ नको, सरळ रेघ पाहुण्याला परकं करते.

एकतीस वर्षं सरळ रेघा मारून लोकांना परकं करत आलेल्या माणसाला हे लागलं.

मी चित्र काढलं. ट्रेसिंग पेपरवर, पेनानं, प्रमाणात. वरून दिसणारं, समोरून दिसणारं आणि मधून कापल्यावर दिसणारं. वाफा मधून कापल्यावर कसा दिसतो हे आजवर कोणी पाहिलं नसेल, मी काढलं. कोपऱ्यात चौकट करून शीर्षक लिहिलं, ‘स्वागत वाफा’. नीलानं चहाचा कप चित्रावर ठेवता ठेवता विचारलं, “यात माणसं चपला कुठे काढणार?”

चपलांची जागा राहून गेली होती. मी वळण जरा आत घेतलं.

अभ्यासासाठी मी दारं बघत फिरलो. निर्मळच्या रस्त्यावर सकाळी सायकलींच्या मागे फुलांच्या करंड्या बांधून माणसं निघालेली असतात. बाजाराला जाणारं फूल वेगळं आणि दारातलं वेगळं, हे मला तिथे दिसलं. बाजाराचा सोनचाफा वाडीत आत असतो. दारात असते जास्वंद, तगर, कोणाचं तरी अर्धवट वाढलेलं अनंताचं झुडूप, आणि सकाळी सहाला दुसऱ्याच कोणाचे तरी हात ती तोडत असतात. घरमालकाला ते माहीत असतं. तो आतून खोकतो, म्हणजे मी उठलोय एवढंच कळावं म्हणून. मग तोडणारा “दोनच घेतली हो” म्हणतो आणि सहा नेतो.

पापडीला एका घराच्या फाटकाजवळ पांढरा क्रूस होता आणि त्याच्या पायाशी रंगीत पानांच्या झुडपांचा इतका सुरेख गोल वाफा होता की मी स्कूटर लावली आणि खिशातला टेप काढून त्याची रुंदी घ्यायला लागलो. आतून एक म्हातारी बाई बाहेर आल्या. हातात कोयता होता, अर्धा नारळ होता.

“महानगरपालिका काय?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाही. बघतोय फक्त.”

“बघायला पट्टी लागते?”

मी त्यांना वाफ्याचं डिझाइन विचारलं. उंच मागे का, रंग किती, कडेला काय. त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जागा होती तिथे लावलं. मेलं ते मेलं.” पुढे कितीतरी दिवस मी हे वाक्य त्या बाईंचं अज्ञान म्हणून सांगत होतो.

नर्सरीवाल्याकडेही मी चित्र घेऊन गेलो. त्याच्याकडे पिटुनियाची बारा रोपं होती, पुण्याकडून आलेली, प्रवासानं दमलेली. “सर, हे पावसात राहणार नाही,” तो म्हणाला. “हे विंटरचं आयटम आहे.”

“माझ्या ड्रॉइंगमध्ये आहे,” मी म्हणालो.

त्यानं वाद घातला नाही. त्याची अशी गिऱ्हाइकं पाहून झाली असावीत.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. आमच्या घराण्याचा गणपती साताऱ्याला भावाकडे असतो, त्यामुळे मी मोकळा होतो, आणि माझ्यासारखा माणूस मोकळा असला की आसपासच्यांनी सावध राहावं. पायरीच्या दोन्ही बाजूंचं ते हिरवं गुलाबी काहीतरी मी उपटायला घेतलं. तेरडा ओळखत नव्हतो असं नाही. पण साताऱ्याला तो ओढ्याच्या काठानं आपोआप उगवतो, आणि जे आपोआप उगवतं त्याला डिझाइनमध्ये जागा नसते. उपटायला इतका सोपा की हाताला सवयच लागली. जमीन ओली, मुळं वरवरची. धरलं की आलं. काहींच्या खालच्या शेंगा पिकल्या होत्या. हात लागला की त्या टचकन फुटायच्या आणि बिया उडायच्या, माझ्या गालावर, चष्म्यावर, बनियनच्या गळ्यात. त्या वेळी मला वाटलं होतं की तण प्रतिकार करतंय. आत्ता दारात गुडघाभर उभा आहे तो त्याच उडालेल्या बियांचा वंश. म्हणजे या वाफ्याची पेरणी हिशेबानं मीच केली आहे, तोंडानं आणि चष्म्यानं.

दोन पोती भरली. घंटागाडी आली. ओला, ओला.

मग मी विटा आणल्या आणि त्या तिरप्या पुरून कडेचं वळण केलं. वळण देखणं झालं. पिटुनिया लावली, मागे कण्हेर, मध्ये तगर, चित्राबरहुकूम. संध्याकाळी जोराची सर आली. कौलांवरचं पाणी आजवर पागोळ्यांनी मातीत पडून, उतारानं वाडीकडे निघून जायचं. त्याच्या वाटेवर आता माझं देखणं वळण होतं. पाणी वाफ्यात थांबलं, विचारात पडलं, आणि मग दुसरी वाट नसल्यानं एक एक पायरी चढून उंबऱ्यावरून आत आलं. पिटुनियाचं एक फूल त्याच्याबरोबर तरंगत दिवाणखान्यापर्यंत आलं.

नीला खराटा घेऊन उभी होती. “आला पाहुणा,” ती म्हणाली. “वाफ्यानं बोलावलेला.”

ऑफिसची मंडळी पुढच्या रविवारी आली. साहेबांनी पायरीशी थांबून दोन्हीकडे पाहिलं. काढलेल्या विटांचा ढीग, चिखल, त्यात आडवी बारा रोपं. “काम चालू आहे वाटतं,” ते म्हणाले आणि आत जाऊन सोफ्यावर बसले. त्या ट्रेसिंग पेपरचा विषय मी काढला नाही. तो अजून कपाटात आहे, कपाच्या बुडाचा गोल डाग असलेला. कधीतरी काढून बघतो. चित्र म्हणून चांगलं आहे. वाफा मधून कापल्यावर तसाच दिसत असणार.

दारातली फुलं कोणासाठी असतात, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आत्ताही फार करतो असं नाही. पण सकाळी पायरीवर चहा घेऊन बसलं की होतो. व्हिडिओतल्या बाईंच्या मते ती येणाऱ्यासाठी असतात, म्हणजे त्यानं बघावं आणि घरमालकाबद्दल बरं मत करून घ्यावं. इकडच्या गावांत ती येणाऱ्यासाठीच असतात, पण त्यानं न्यावीत म्हणून. बघणं आणि नेणं यात एका हाताचं अंतर आहे. माझ्या चित्रात सगळी मापं होती, हे एक राहिलं होतं.

गौरी यायच्या दिवशी सकाळी वत्सलाकाकू आल्या. नेसूचं नवं नऊवारी, डोक्यात अबोलीची वेणी, हातात सूप. सुपात हळदकुंकू, तांदूळ आणि घडी घातलेला हिरवा खण. मी ओसरीवर पेपर वाचत होतो.

“गौर कुठाय?” काकूंनी विचारलं.

“अजून आली नाही का?” मी विचारलं.

त्या पायरीच्या एका बाजूला बघत होत्या, मग दुसऱ्या बाजूला. विटांचं वळण मी नुकतंच एका ठिकाणी फोडलं होतं, पाणी जायला. त्या फटीतून चिखल ओघळला होता.

“इथली,” त्या म्हणाल्या. “इथे होती ती.”

नीला आतून आली. तिला माझ्या आधी कळलं. तिला नेहमीच माझ्या आधी कळतं. फक्त ती ते सावकाश बोलते, मला वेळ मिळावा म्हणून. “काकू, तेरडा म्हणताय का तुम्ही?”

“तेरडा तुम्ही म्हणा. आमच्यात गौरच म्हणतात.”

पेपर माझ्या हातात होता. तो मी घडी घालून बाजूला ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. “काकू, ते मी उपटलं,” मी म्हणालो. “गाडीत दिलं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुपावर पदर घेतला, आतलं कोणाला दिसू नये तसा. “लग्न होऊन आले त्या भादव्यात सासूबाईंनी इथून काढून माझ्या हातात दिली,” त्या म्हणाल्या. “ह्या पायरीवर. बावन्न वर्षं झाली. पूर आला त्या साली मांडीभर पाण्यात उतरून नेलीय मी. एक वर्ष चुकलं नाही.”

“वाडीत मागे असेल ना कुठे?”

“वाडीत केळी आहेत, चाफा आहे, सावली आहे. तिला ऊन लागतं. ती ह्या दाराचीच.”

“बाजारात जुड्या मिळतात, मी आत्ता जाऊन—”

“विकत?” काकू म्हणाल्या. “लेक विकत आणतात का?”

विहिरीवरचा पंप चालू होता, तो कोणीतरी बंद केला. काकू जायला वळल्या. “यंदा पाट रिकामा ठेवीन,” त्या म्हणाल्या, आज भाजी करणार नाही म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

नीलानं त्यांना फाटकाशी गाठलं. “काकू, मागून आणलेली चालते?”

काकू थांबल्या. “मागून चालते. मागायची असते तिला. पण ह्या वयात मी कोणाच्या बांधावर जाऊन उभी राहू? आजवर वेळ आली नाही.”

“हे मागतील,” नीला म्हणाली.

“सूर्य बुडायच्या आत यायला हवी,” काकू म्हणाल्या आणि गेल्या. ‘हे मागतील’ यावर त्यांचा विश्वास बसल्याचं काही दिसलं नाही.

साठाव्या वर्षी दारोदार गौर मागत फिरणं हा एक अनुभव आहे. आमच्या आळीत निम्म्या अंगणांत पेव्हर ब्लॉक; जिथे माती होती तिथल्या गौरी सकाळीच घरात गेलेल्या. एका घरी “आत्ताच काढली हो, अर्ध्या तासापूर्वी आला असता तर” असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. दुसऱ्या घरी मी फाटक उघडल्याबरोबर आतूनच आवाज आला, “वर्गणी दिली.” तिसऱ्या घरच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्यांच्या बायकोला बाहेर बोलावून मला तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुपार झाली तेव्हा नीला म्हणाली, “बेबीताई.”

बेबीताई जूचंद्रची. आमच्या त्या बिल्डिंगच्या मागेच तिचं घर, घरामागे भाताचं खाचर, खाचरापलीकडे टेकाड. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून भाद्रपदात ते टेकाड गुलाबी दिसायचं. बारा वर्षं मी ते बघत दात घासले. तो रंग कशाचा, हे विचारायला मी खाली उतरलो नाही. तिच्याकडे आम्ही जायचो ते एकाच कामाला, बिल्डिंगचं पाणी गेलं की कळशी घेऊन. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती.

“भाऊ, तुमी?” ती म्हणाली. “पानी गेलं काय?”

“आम्ही आता निर्मळला असतो ना, बेबीताई. पाणी नको. गौर मागायला आलोय.”

तिनं हात धुतले. “कोनासाठी?”

मी सांगितलं. काकू, दार, बावन्न वर्षं, रिकामा पाट. ती मन लावून ऐकत होती, मधेच हळहळत होती. “आनि उपटली कोनी? गुराढोरांनी?”

नीलानं बोट केलं. मी तिच्या बोटाच्या टोकाशी उभा होतो.

“तुमी शिकलेले ना, भाऊ?”

“ड्रॉइंग शिकलोय,” मी म्हणालो. याहून वाईट उत्तर त्या क्षणी सुचण्यासारखं नव्हतं.

“मंग चित्र काडून द्या म्हातारीला,” ती म्हणाली, आणि पदर खोचून टेकाडाकडे चालायला लागली.

टेकाडावर तेरडा असा होता की पाय कुठे ठेवावा कळेना. बेबीताईनं आधी हळदकुंकू वाहिलं, काहीतरी पुटपुटली, मग एकेक रोप बुडाशी धरून सावकाश वर घेतलं. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, “तुमी हात लावू नका. तुमचा हात बघितलाय गौरीनी.” मुळं तिनं झटकली नाहीत, मातीसकट केळीच्या पानात ठेवली. “मूळ तुटाया नको,” ती नीलाला सांगत होती. “मुळं म्हंजे तिचे पाय. पाय तुटला तर घरात चालंल कशी?”

मीही सगळं मुळासकटच काढलं होतं. पद्धत बरोबर होती. पत्ता तेवढा चुकला.

निघताना बेबीताईनं जुडगा नीलाच्या ओटीत दिला आणि म्हणाली, “म्हातारीला सांगा, जूचंद्रची लेक आलीय. नाव ठेवू नको म्हनावं.” माझ्याशी ती बोलली नाही. फक्त स्कूटर सुरू करताना म्हणाली, “हळू न्या. तुमच्या पाठी गौर बसलीय, भाऊ, टाकी नाय.” टाक्यांबद्दल तिला नीलानं कधी सांगितलं, मला माहीत नाही.

नायगावच्या पुलावर ढग उतरले होते, पण थेंब पडला नाही. मागे नीला जुडगा उराशी धरून बसलेली. फुलं माझ्या मानेला लागत होती. खड्डा आला की ती माझ्याशी न बोलता जुडग्याशी काहीतरी बोलायची. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. ऊन वितळायला लागलं होतं. त्या अख्ख्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, तेही न काढलेलं: कोरा पाट आणि त्याच्यापुढे बसलेली एक बाई. आयुष्यात मी बऱ्याच मुदती चुकवल्या आहेत. त्यांतली एकही सूर्याला बांधलेली नव्हती.

निर्मळच्या तळ्यापाशी नीलानं स्कूटर थांबवायला लावली.

“आता काय?”

“माझ्या माहेरी गौर आणणारी बोलत नाही,” ती म्हणाली. “तोंडात पाणी धरून मुक्यानं आणायची. घरात ठेवली की मग बोलायचं.”

“पण ही काकूंची गौर. त्यांच्यात तसं नसेल.”

“आणणारी मी आहे ना? मला येते तशीच आणणार.” तिनं बाटलीतून मोठा घोट घेतला, गाल फुगवले आणि मागे बसली. आमच्या संसारातली ती पाच मिनिटं सगळ्यात शांत गेली. मला ती जरा लांबवावीशी वाटली, पण सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता.

काकू त्यांच्या नव्या घराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. कोणी निरोप दिला होता की सकाळपासून तशाच उभ्या होत्या, कोण जाणे. दारापासून आत पाटापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली होती. म्हणजे पाट रिकामा ठेवीन म्हणणाऱ्या बाईंनी पावलं मात्र काढून ठेवली होती. पाट दिसत होता. त्याच्यावर काही नव्हतं.

नीला उंबऱ्याबाहेर थांबली. काकूंनी तिच्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, कुंकवाचं बोट लावलं. भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला. मी मागे, हेल्मेट काखेत धरून.

“विकत नाही ना?” काकूंनी विचारलं.

नीला मान हलवू शकत होती, तेवढी हलवली.

“मागून आणली,” मी मागून सांगितलं. “जूचंद्रच्या बेबीताईकडून. मुळासकट आहे.”

काकूंनी मुळं बघितली. केळीचं पान जरा उलगडून, बोटानं माती बाजूला करून, नुकत्या जन्मलेल्या पोराची बोटं मोजावीत तशी. मग त्या सरळ झाल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि एकदम वेगळ्याच, जरा गाण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “गौर आली का?”

नीलानं मान डोलावली.

“कशाच्या पावलांनी आली?”

नीलानं वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे गाल फुगलेले आणि डोळे मोठे झालेले. ती काहीतरी मागत होती. या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे, आणि आणणाऱ्यांपैकी कोणीतरी ते द्यायचं असतं, हे मला नंतर कळलं. आमच्या घरी हा भाग बायका दारात उरकायच्या आणि आम्ही पुरुष आत पुरणपोळीची वाट बघत बसायचो. मला वाटलं, काकू प्रवासाची चौकशी करतायत. दिवसभर ताटकळलेल्या बाईला सविस्तर माहिती मिळायला हवी होती.

“स्कूटरनं,” मी म्हणालो. “नायगावच्या पुलावरून.”

नीलाच्या तोंडातलं सगळं पाणी एका दमात उंबऱ्यातल्या पहिल्या दोन पावलांवर गेलं. त्यानंतर ती भिंतीला हात टेकून हसत राहिली, जुडगा एका हातात उंच धरून.

काकूंनी पुसल्या गेलेल्या पावलांकडे पाहिलं. बाहेर पाहिलं; केळींच्या मधून अजून पिवळा उजेड येत होता. त्यांनी पुढे होऊन नीलाच्या हातातून गौर घेतली, छातीशी धरली आणि स्वतःच स्वतःला उत्तर दिलं, “सोन्याच्या पावलांनी आली.” उरलेल्या पावलांवरून त्या सावकाश आत गेल्या. पाटावर गौर ठेवली, मुळं खणाखाली नीट घेतली, आणि मग मागे न बघता नीलाला म्हणाल्या,

“पुढल्या वर्षी पाणी ह्यांच्या तोंडात भर.”